कमी औषधाला हो म्हणताना

संमतीपत्र 22 पानांचं होतं. सहीची जागा शेवटच्या पानावर होती आणि तिथवर पोचायला आम्हाला अकरा दिवस लागले.

विचारलं होतं ते थोडक्यात असं. लेकीच्या रक्ताच्या कर्करोगावरचे उपचार आता लांबच्या, सौम्य टप्प्यात येणार होते. त्याला मेंटेनन्स म्हणतात. या टप्प्यात रोजच्या गोळ्यांबरोबर दर चार आठवड्यांनी व्हिन्क्रिस्टिनचं एक इंजेक्शन आणि पाच दिवस डेक्सामिथासोन हे स्टेरॉईड देतात. हा मासिक ठोका खरंच लागतो का, हे शोधणारा एक अभ्यास चालू होता. त्यात आलेल्या निम्म्या मुलांना तो नेहमीसारखा मिळणार होता आणि निम्म्यांना मिळणारच नव्हता. कोण कुठल्या गटात, हे संगणक ठरवणार होता.

नवीन औषधाचा अभ्यास असता, तर मी बहुधा त्याच दिवशी सही केली असती. आजारी लेकराच्या आईला ‘आणखी काहीतरी आहे’ हे शब्द कायम ऐकायचे असतात. कमी देऊन बघू का, असं कुणी विचारेल हे माझ्या ध्यानीमनीही नव्हतं.

त्याआधीच्या आठ महिन्यांबद्दल सांगायला हवं. ती चार वर्षांची होती. पाय दुखतात म्हणायची, जिना चढताना मध्येच बसायची. पहिल्या डॉक्टरांनी वाढीच्या वयातलं दुखणं म्हणून सोडून दिलं. तिसऱ्या आठवड्यात तिच्या मांड्यांवर, कुठे आपटल्याचं आठवत नसताना, निळे डाग दिसले आणि दुसऱ्या डॉक्टरांनी रक्त तपासायला पाठवलं. हिमोग्लोबिन 5.8, प्लेटलेट्स 14 हजार. संध्याकाळी फोन आला. रात्री आम्ही मुलांच्या कर्करोग विभागात होतो आणि दुसऱ्या दिवशी बोन मॅरोच्या तपासणीनंतर आजाराला नाव मिळालं : अ‍ॅक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया, बी पेशींचा. मुलांना होणाऱ्या कर्करोगांत हा सगळ्यात जास्त आढळतो आणि दोन ते पाच या वयात जास्त. ‘तुमच्या हातून काही राहिलं म्हणून हे झालेलं नाही,’ असं डॉक्टरबाईंनी मी न विचारताच सांगितलं. पुढच्या दोन वर्षांत मला ते वाक्य त्यांच्याकडून पुन्हा पुन्हा ऐकावं लागलं.

इंडक्शनचे, म्हणजे उपचारांच्या सुरुवातीच्या टप्प्याचे, पहिले पाच आठवडे. या दिवसांत माणूस नवी भाषा शिकतो, इच्छा असो वा नसो. रक्तपेशींचे काउंट पडले, काउंट चढले, एएनसी (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) किती, ब्लास्ट (रोगट पेशी) किती, एलपी (पाठीच्या कण्यात सुई) कधी. शिरेत औषध सोडण्यासाठी छातीत कातडीखाली बसवलेला पोर्ट. लालभडक डॉनोरूबिसिन, ज्यानंतर लघवी लाल होते. ते आधी सांगून ठेवलं नसतं तर मी किंचाळले असते. स्टेरॉईडने तिचा चेहरा इतका गोल झाला की शेजारच्या खाटेवरच्या मुलाची आजी तिला ओळखायची राहिली. रात्री दोन वाजता उठून जेवायला मागायची, आणि ताट समोर आलं की रडायची. चार वर्षांची मुलगी भिंतीकडे तोंड करून तासभर न बोलता बसते, हे मी त्या औषधाच्या दिवसांत पाहिलं.

व्हिन्क्रिस्टिनची गंमत मला तेव्हाच कळली. गंमत म्हणजे आश्चर्य या अर्थाने. हे औषध सदाफुलीतून येतं. कुंडीत, कुंपणाला, पडक्या भिंतीच्या फटीत उगवणारी तीच सदाफुली. एक ग्रॅम औषध मिळवायला सुकलेली पानं शेकडो किलो लागतात. माझ्या लेकीचा एक डोस जेमतेम एक मिलिग्रॅमचा असायचा. आणि तेवढ्याशा औषधासाठी दोन सिस्टर समोरासमोर उभ्या राहून एकमेकींना नाव, जन्मतारीख, औषध, मात्रा मोठ्याने वाचून दाखवायच्या. ते कधीही सिरिंजमधून यायचं नाही, छोट्या सलाईनच्या पिशवीतून यायचं. मी कारण विचारलं. शिरेतून दिलं तर हे औषध वाचवतं आणि चुकून पाठीच्या कण्यातल्या पाण्यात गेलं तर जीव घेतं. कण्यात द्यायची औषधं सिरिंजमधून देतात. पिशवी कण्याला कुणी जोडणार नाही, म्हणून पिशवी. ‘हा नियम कुठल्यातरी मुलांच्या जाण्यातून आलाय,’ सिस्टर म्हणाल्या आणि पिशवी लावून पुढच्या खाटेकडे गेल्या.

त्या रात्री मला पहिल्यांदा जाणवलं की या विभागातल्या प्रत्येक नियमामागे, प्रत्येक आकड्यामागे मुलं आहेत. त्यानंतर मी वाचायला लागले. लेक झोपली की फोनच्या उजेडात. घाबरणं वाचण्याने कमी होत नाही. पण घाबरायला काहीतरी आकार मिळतो.

1948 सालापर्यंत हा आजार झालेली मुलं काही आठवड्यांत किंवा महिन्यांत जायची. त्या वर्षी बोस्टनच्या डॉक्टर सिडनी फार्बर यांनी 16 मुलांवर वापरलेल्या अ‍ॅमिनोप्टेरिन या औषधाची माहिती छापली. 16 पैकी 10 मुलांना गुण आला. काही मुलं उठून बसली, चालली. आणि मग आजार परत आला. फार्बर यांना आधी दिसलं होतं की फॉलिक अ‍ॅसिड दिलं की हा आजार उलट फोफावतो; म्हणून त्यांनी फॉलिक अ‍ॅसिडच्या विरोधात काम करणारं रसायन हवं असं ठरवलं, आणि ते रसायन जीवरसायनशास्त्रज्ञ येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या प्रयोगशाळेने बनवून दिलं. त्याचाच भाऊबंद मेथोट्रेक्सेट. माझी लेक दर आठवड्याला एकदा त्याच्या गोळ्या घ्यायची. ‘अशक्त झालीये, टॉनिक दे’ म्हणणाऱ्या प्रेमळ माणसांना मी याच कारणाने नाही म्हणत आले. बऱ्याच टॉनिकांत फॉलिक अ‍ॅसिड असतं.

पुढे एका औषधाची दोन झाली, दोनाची चार. 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला दहातलं एखादंही मूल बरं होत नसे. आज ज्या देशांत उपचार नीट मिळतात तिथे दहातली नऊ होतात. हे एखाद्या थोर शोधाने झालं असेल अशी माझी समजूत होती. तसं नव्हतं. यातली बरीचशी औषधं 1970 च्या आधीचीच आहेत. तीच औषधं कुठल्या क्रमाने, किती, किती दिवस, कुणाला जास्त आणि कुणाला कमी, हे एकेक प्रश्न करून, दर वेळी शेकडो मुलांना दोन गटांत विभागून शोधलं गेलं. तिच्या फाइलला लावलेला तो रंगीत चौकटींचा तक्ता, ज्याला सगळे प्रोटोकॉल म्हणायचे, त्यातल्या प्रत्येक चौकटीवर कुण्या आईबापांनी कधीतरी सही केलेली होती.

29 व्या दिवशी एमआरडी, म्हणजे मागे उरलेल्या रोगट पेशी शोधणारी तपासणी, झाली. निदानाच्या वेळी मुलाच्या अंगात साधारण एक लाख कोटी रोगट पेशी असतात. सूक्ष्मदर्शकाखाली सगळं स्वच्छ दिसलं तरी हजार कोटी पेशी लपून राहिलेल्या असू शकतात. एमआरडीची तपासणी दहा हजारांत एक पेशी असली तरी पकडते. तिची तपासणी निरंक आली. डॉक्टरबाईंनी कागद माझ्याकडे फिरवला आणि आकड्यावर बोट ठेवलं. मी तिथे खुर्चीतच रडले आणि त्या थांबल्या. मग म्हणाल्या, ‘आता खरं लांबचं काम सुरू.’

मधल्या महिन्यांबद्दल फार लिहीत नाही. ते सगळ्यांचे सारखेच असतात. केमो, ताप, प्लेटलेट्स, घरी चार दिवस, पुन्हा दाखल. 38 अंश सेल्सिअसच्या वर ताप म्हणजे वाट पाहायची नाही. दवाखान्यात पोचल्यापासून तासाभरात प्रतिजैविक शिरेत गेलं पाहिजे. आमची पिशवी दाराशी भरलेलीच असायची.

आणि मग ती 22 पानं.

तिच्या बाबांनी पहिली चार पानं वाचली आणि खाली ठेवली. ‘यात विचार करायला काय आहे? जे सगळ्यांना देतात ते तिलाही द्यायचं.’ मी गप्प राहिले, कारण मलाही तेच वाटत होतं. पण दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं डॉक्टरबाईंसमोर बसलो तेव्हा त्यांनी सरळ विचारलं, ‘तुम्हाला कशाची भीती वाटते?’

हे म्हणाले, ‘कमी दिलं आणि आजार परतला, तर?’

‘ती भीती खरी आहे. तसं झालं तर मी तुम्हाला खोटा धीर देणार नाही.’ मग त्यांनी समोरच्या कागदावर दोन रेघा मारल्या. हा ठोका मेंटेनन्समध्ये आला तेव्हा बाकीचे उपचार आजच्याइतके जोरकस नव्हते, म्हणाल्या. तेव्हा त्याने फरक पडला. आता सुरुवातीचे महिने इतके भक्कम झाले आहेत की शेवटच्या या ठोक्याने अजून काही भर पडते का, हे कळत नाही. चीनमधल्या 20 रुग्णालयांचा एक मोठा अभ्यास 2021 मध्ये छापून आला होता. ज्यांचा धोका कमी होता अशा मुलांत पहिल्या वर्षानंतर हे ठोके थांबवले तरी आजार परतण्यात फरक दिसला नव्हता. ‘पण त्यांचा बाकीचा प्रोटोकॉल आपल्यापेक्षा वेगळा. म्हणून आपल्याला आपलं उत्तर शोधावं लागतं.’

‘तुम्हाला काय वाटतं? तुमची मुलगी असती तर?’ मी विचारलं. हा प्रश्न प्रत्येक आईबाप विचारत असणार.

‘मला माहीत असतं की अमुक चांगलं, तर मी तुम्हाला विचारलंच नसतं. तेच दिलं असतं. ज्या दिवशी मला एका बाजूची खात्री होईल, त्या दिवशी मुलांना चिठ्ठ्यांवर सोडणं माझ्यासाठी गुन्हा आहे.’

पुढे पानं उलटत त्यांनी तीन गोष्टी दाखवल्या. नाही म्हटलं तरी उपचारात तसूभर फरक पडणार नाही. हो म्हटल्यावरही कधीही, कारण न देता, बाहेर पडता येईल. आणि अभ्यास चालवणाऱ्यांपासून वेगळी अशी एक समिती दोन्ही गटांचे आकडे ठराविक काळाने पाहत राहील. एका गटाची मुलं मागे पडताना दिसली, तर अभ्यास मध्येच थांबवण्याचा अधिकार तिचा. ही शेवटची गोष्ट मी घरी जाऊन पुन्हा दोनदा वाचली.

त्या अकरा दिवसांत माझ्या डोक्यात ‘कमी’ हा एकच शब्द फिरत होता, आणि कमी देण्याबद्दल मी जे जे वाचलं ते माझ्या समजुतीशी जुळेना.

डोक्याला दिले जाणारे किरण घ्या. औषधं मेंदूच्या पाण्यापर्यंत नीट पोचत नाहीत आणि आजार तिथे लपून बसतो, म्हणून 1960 च्या दशकात मुलांच्या डोक्याला किरण द्यायला सुरुवात झाली. त्यानेच पहिल्यांदा निम्मी मुलं बरी व्हायला लागली. पण ती मुलं मोठी झाली तेव्हा दिसलं की काहींची उंची खुंटली, काहींना शिकणं जड जाऊ लागलं, काहींना पुढे मेंदूत गाठी झाल्या. मग मात्रा टप्प्याटप्प्याने खाली आणली गेली. शेवटी अमेरिकेतल्या सेंट ज्यूड रुग्णालयाच्या एका अभ्यासात 498 मुलांपैकी कुणालाही ते प्रतिबंधक किरण दिले नाहीत, कण्यातून द्यायची औषधं आणि बाकीचे उपचार नीट आखून दिले. 2009 मध्ये निकाल आला : किरणांवाचून चालतं. माझ्या लेकीच्या डोक्याला किरण लागले नाहीत. तिचे पाढे पाठ आहेत, ती वाचते. म्हणजे कुण्या 498 घरांनी ‘कमी द्या’ला हो म्हटलं होतं. त्या आयांना तेव्हा झोप लागली असेल का?

दुसरं, तिची रोजची गोळी. मर्कॅप्टोप्युरिन. गर्ट्रूड एलियन आणि जॉर्ज हिचिंग्ज यांनी बनवलेलं, 1950 च्या दशकापासूनचं औषध. त्या दोघांना 1988 चं नोबेल मिळालं. हे औषध सुरू करण्याआधी तिच्या रक्तातून एक जनुकीय तपासणी केली होती. काही मुलांच्या शरीरात ते औषध मोडून टाकणारं टीपीएमटी हे विकर (एन्झाइम) जन्मतःच नसतं. त्यांना पूर्ण मात्रा दिली तर बोन मॅरो बसतो, म्हणजे रक्तपेशी बनवायचं थांबवतो, आणि जीव धोक्यात येतो. त्यांना साधारण दहावा हिस्सा देतात, आणि तो दहावा हिस्सा त्यांच्यासाठी पूर्ण असतो.

आणि याच गोळीबद्दल नेमकं उलटही वाचलं. एका अभ्यासात बाटल्यांच्या झाकणात चिप बसवली होती. झाकण कधी उघडलं याची नोंद व्हायची. ज्या मुलांच्या 95 टक्क्यांहून कमी गोळ्या पोटात गेल्या, त्यांच्यात आजार परतण्याचं प्रमाण दुपटीहून जास्त निघालं. शंभर दिवसांत पाच-सहा गोळ्या चुकणं, बस्स. म्हणजे एका औषधात एवढंसं कमी झालेलंही चालत नाही आणि दुसरं औषध कदाचित पूर्ण काढलं तरी चालेल. आईच्या मनाला यातला फरक कळू शकत नाही. माझ्या मनाने दोन्ही ठिकाणी एकच उत्तर दिलं असतं : जास्त दे. माझं मन चुकीचं होतं असं मी म्हणत नाही. पण माझ्या पोटातल्या भीतीला औषधाची मात्रा ठरवता येत नाही, हे मला त्या आठवड्यात मान्य करावं लागलं.

त्याच दिवसांत दवाखान्याच्या डे केअरमध्ये थॅलेसेमियाची, म्हणजे हिमोग्लोबिन नीट न बनण्याच्या जन्मजात आजाराची, एक मुलगी यायची, नऊ वर्षांची. जन्माच्या सहाव्या महिन्यापासून दर तीन आठवड्यांनी रक्त. दर वेळच्या रक्ताबरोबर अंगात लोह साठत जातं आणि ते हृदय, यकृत खराब करतं, म्हणून लोह बाहेर काढायचं औषध रोज. तिच्या आईशी माझी ओळख खुर्च्या शेजारी आल्यामुळे झाली. तिच्या धाकट्या भावाचा एचएलए, म्हणजे प्रत्यारोपणासाठी जुळावा लागणारा पेशींचा प्रकार, जुळला होता. सख्ख्या भावंडात जुळण्याची शक्यता चारात एक. थॅलेसेमियासाठी बोन मॅरो प्रत्यारोपण पहिल्यांदा यशस्वी झालं ते 1981 मध्ये. त्याच वाटेने आता या दोघांना जायचं होतं. ती आई म्हणाली, ‘मुलीसाठी सही करताना हात थरथरला नाही. मुलाच्या कागदावर थरथरला. तो धडधाकट आहे हो. त्याला मी सुई कशासाठी टोचू देतेय, हे त्याला सहाव्या वर्षी काय समजणार?’ मग त्या मुलाशी एक वेगळे डॉक्टर बोलले, आईबापांना बाहेर बसवून. फक्त त्याच्या बाजूने विचार करायला नेमलेला माणूस. मला त्या व्यवस्थेबद्दल फार आदर वाटला. आता 12 वर्षांवरच्या काही मुलांसाठी स्वतःच्याच पेशींतलं जनुक बदलून त्या परत देण्याचा उपचार 2023 च्या अखेरीपासून मान्य व्हायला लागला आहे. गर्भात असताना बनणारं हिमोग्लोबिन त्याने पुन्हा चालू होतं, भावंडं जुळायची गरज राहत नाही. तोही कुणीतरी पहिल्यांदा स्वतःवर करून घेतला असेलच.

दहाव्या रात्री हे म्हणाले, ‘तुला करायचंय ना हे?’

‘मला माहीत नाही. पण मागच्या डेक्साच्या आठवड्यात ती भिंतीकडे बघत बसली होती, तेव्हा मला वाटलं, हे उगीच असेल तर?’

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग उठून कागद आणले आणि पाचव्या पानापासून पुढे वाचायला लागले. वाचता वाचता पेन्सिलीने प्रश्न लिहीत होते. सतरा प्रश्न झाले. सकाळी आम्ही ते सगळे विचारले. अकराव्या प्रश्नाचं उत्तर ऐकून त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. तो प्रश्न होता : ‘तुम्ही आम्हाला नाही म्हणायला मोकळं ठेवलंय का?’ डॉक्टरबाईंनी उत्तर म्हणून अशा दोन घरांबद्दल सांगितलं ज्यांनी नाही म्हटलं होतं, आणि त्यांची मुलं त्या दिवशी आमच्याच शेजारच्या खोलीत, त्यांच्याच हाताखाली उपचार घेत होती.

दोघांनी सह्या केल्या. लेकीला विचारलं तेव्हा तिने एका कागदावर सूर्य काढला. पाच वर्षांच्या मुलाकडून यापेक्षा जास्त संमती घेता येत नाही, पण विचारलं गेलं हे मला बरं वाटलं.

दोन दिवसांनी संशोधन विभागाच्या सिस्टरांचा फोन आला. नेहमीचा गट. म्हणजे ठोका मिळणार. सगळं होतं तसंच.

मी फोन ठेवला आणि खाली बसले. अकरा दिवस मी ज्याची तयारी केली ते आलंच नाही. सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, आणि थोडं वाटलंही. पण त्याच्या खाली निराशा होती, आणि तिची मला लाज वाटली. पुढच्या भेटीत मी हे डॉक्टरबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, ‘दुसऱ्या गटाची मुलं कशाशी ताडून बघायची? तुमच्या मुलीशी.’ एवढंच. मला ते पुरलं.

पुढचं दीड वर्ष ठोके चालू राहिले. दर महिन्याचे पाच दिवस घरात सगळे जपून बोलायचे. व्हिन्क्रिस्टिनने जबडा दुखायचा, पोट साफ व्हायचं नाही. सातव्या-आठव्या ठोक्यानंतर तिचं उजवं पाऊल चालताना खाली पडायला लागलं. चवडा उचलला जाईना, चप्पल अडकायची. फिजिओथेरपी, रात्री पायाला बांधायचा स्प्लिंट, जिन्यावर टाचेने चालायचा खेळ. अभ्यासाची एक वही होती, त्यात मी सगळं लिहीत गेले : किती दिवस शाळा बुडाली, किती वेळा रात्री उठली, पायात मुंग्या येतात का, रडण्याचं कारण सांगता येतं का. कधी कधी लिहिताना राग यायचा. हे तिच्या नशिबी यायलाच हवं होतं का? त्याचं उत्तर शोधण्यासाठीच मी ती वही भरत होते, हे पुन्हा आठवायचं आणि पुढची ओळ लिहायची.

मधल्या काळात एक रात्र फार वाईट गेली. ताप 39.2, एएनसी 100. अतिदक्षता विभागात तीन दिवस. त्या तीन दिवसांत मी अभ्यास, संशोधन, गट, सगळं विसरले. फक्त मॉनिटरवरचा आकडा बघत होते. चौथ्या दिवशी तिने पाणी मागितलं.

उपचार संपले त्या दिवशी तिच्या बाबांनी गोळ्यांचा रिकामा डबा धुवून वाळत ठेवला आणि तो आठवडाभर तसाच राहिला. कुणाला उचलावासा वाटेना.

त्यानंतर वर्षभराने, 2024 च्या डिसेंबरात, एका वेगळ्या अभ्यासाचा निकाल आला आणि आमच्या ओळखीच्या आईबापांत सगळीकडे फिरला. ब्लिनाट्युमोमॅब नावाचं, शरीराच्याच प्रतिकारपेशींना रोगट पेशींपाशी आणून भिडवणारं औषध. ते 28 दिवस अखंड, पाठीवरच्या छोट्या पिशवीतल्या पंपातून देतात. नुकतंच निदान झालेल्या, आजार परतण्याचा धोका मध्यम किंवा त्याहून जास्त असलेल्या मुलांना नेहमीच्या केमोबरोबर ते दिलं तर तीन वर्षांनी 96 टक्के मुलं आजारमुक्त होती. न मिळालेल्या गटात 87.9 टक्के. फरक इतका स्पष्ट दिसला की देखरेख समितीच्या सांगण्यावरून चिठ्ठ्या टाकणं मुदतीआधीच थांबवलं गेलं.

मला आनंद झाला, आणि लगेच त्या दुसऱ्या गटातल्या आया आठवल्या. त्यांनीही अशीच पानं उलटली असतील. संगणकाने त्यांच्या मुलांना ते औषध दिलं नाही, आणि त्यातल्या काहींचा आजार परतला. कुणाचाही दोष नव्हता; कुणालाच आधी माहीत नव्हतं. तरी हे त्या घरांना समजावून कसं सांगायचं? माझ्याकडे उत्तर नाही. यापुढे हे निदान होणाऱ्या प्रत्येक मुलाच्या आईबापांना त्या दोन आकड्यांबरोबर त्या मुलांबद्दलही सांगितलं जावं, एवढंच मला वाटतं. जगात दर वर्षी 19 वर्षांखालच्या सुमारे चार लाख मुलांना कर्करोग होतो, आणि गरीब देशांत त्यातली दहातली तीनही वाचत नाहीत, कारण 1970 च्या आधीची साधी औषधंसुद्धा तिथे वेळेवर मिळत नाहीत. कुणाच्या तरी लेकरांनी शोधून दिलेलं उत्तर दुसऱ्या लेकरापर्यंत पोचतच नाही, हे मला सगळ्यात जास्त सलतं.

आमच्या अभ्यासाचा निकाल अजून यायचा आहे. मुलांना आणखी काही वर्षं पाहत राहावं लागतं.

लेक आता आठ वर्षांची आहे. पाऊल बऱ्यापैकी उचललं जातं. दमली की थोडं घासतं. वर्षातून एकदा हृदयाची सोनोग्राफी, कारण ते लाल औषध हृदयाला कमजोर करू शकतं, कधी कधी कित्येक वर्षांनी. गेल्या भेटीत प्रश्नावलीची उत्तरं तिने स्वतः दिली. ‘पायात मुंग्या येतात का?’ ‘कधी कधी. पण मी आईला सांगत नाही.’ मी शेजारी बसून ऐकत होते.

मग डॉक्टरबाईंनी तिला आणखी एक गोष्ट विचारली. निदानाच्या दिवशी घेतलेल्या बोन मॅरोचा थोडा नमुना संशोधनासाठी गोठवून ठेवला आहे. तेव्हा आईबाबांनी हो म्हटलं होतं, कारण तू लहान होतीस. आता तुला कळतं. तो ठेवू, की टाकून देऊ?

तिने विचार केला. ‘त्यात माझा आजार अजून आहे?’

‘आहे. पण गोठलेला.’

‘तुम्ही तो बघता?’

‘बघतो. असा आजार दुसऱ्या कुणाला झाला, तर काय करायचं ते त्यातून थोडं थोडं कळतं.’

ती माझ्याकडे वळली नाही, हे माझ्या लक्षात आलं. टेबलावरचं पेन उचलून तिने आपलं नाव लिहिलं, मोठ्या अक्षरात, ओळीच्या बाहेर जाईल असं.

‘ठेवा,’ म्हणाली. ‘पण झाकण घट्ट लावा.’